तान्ह्यांची खोली

३ जून

ती. आई,

नमस्कार. शिरसाष्टांग लिहिणार होते, पण तुम्ही वाचून म्हणाल, "एवढं वाकायची सवय हिला कधी लागली?" म्हणून साधाच.

तुम्ही माझा फोन उचलत नाही. वन्संच्या फोनवर केला की त्या म्हणतात, "आई आंघोळीला गेली आहे." दिवसातून इतक्या वेळा आंघोळ करत असाल तर तिथे पाण्याची चैन आहे म्हणायची. पत्र मात्र तुम्ही वाचाल. दुकानाची जाहिरात आली तरी ती तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत वाचता.

हे पत्र घरगुती नाही. तुम्ही घर सोडलंत, पण अध्यक्षपद सोडल्याचं काही कळवलं नाहीत. तेव्हा पाळणाघरात काय चाललं आहे ते अध्यक्षांना कळवणं हे कार्यवाहाचं, म्हणजे माझं, काम आहे.

करार लागू झाला. कारखान्याने जुन्या गोदामातल्या दोन्ही खोल्या आपल्याकडे ठेवल्या, वीजपाणी त्यांचं. मोठ्यांच्या खोलीत, म्हणजे तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, शिक्षणसंस्थेने एक शिक्षिका पाठवली. सांभाळ आपला. याच कराराला तुम्ही म्हणाला होतात, "सांभाळायला घेतलेली पोरं हिने शाळेला विकली," आणि पिशवी भरून लेकीकडे गेलात. माझं मत तेव्हा होतं तेच आज आहे. तीन वर्षांच्या मुलाला दिवसभर नुसतं पुसून, भरवून, झोपवून भागत नाही. त्याला काहीतरी शिकायचं असतं आणि आपल्या दोघींना ते शिकवता येत नाही.

अडचण आहे ती तान्ह्यांच्या खोलीची. तिथे पूर्ण वेळ अनुभवी बाई हवी, अशी कारखान्याची अट आहे. अट लिहिली गेली तेव्हा तुम्ही इथे होतात, त्यामुळे कुणी दोनदा वाचली नाही. आता मी आणि झाडलोटीच्या मावशी आळीपाळीने ती खोली ओढतो आहोत. जुलैअखेरपर्यंत बाई मिळाली नाही तर साहेब ती खोली कापडाच्या गठ्ठ्यांसाठी परत घेणार. मग मोठी मुलं राहतील आणि तान्ह्यांच्या आयांना कामावर येता येणार नाही. काज-बटण विभागातली आपली बटणवाली तुम्हाला आठवत असेलच. नवरा लांबच्या गाडीवर असतो, घरी दुसरं माणूस नाही. तिची तान्ही लेक, आपली गठुडी, आता बसायला लागली. खोली गेली की तिचं काम गेलं.

हे सगळं माहितीसाठी. मी तुम्हाला या म्हणत नाहीये.

तुमचे चिरंजीव बरे आहेत. मी म्हणते, "आईंचं चुकलं," तर ते हो म्हणतात. तुम्ही त्यांना फोनवर माझं चुकलं म्हणता, तेव्हाही ते हो म्हणतात. भिंतीला कान असतात, पण निदान ती मान तरी हलवत नाही.

कळावे,
कार्यवाह


१९ जून

ती. आई,

उत्तराची वाट पाहत नव्हते, त्यामुळे ते आलं नाही याचं काही वाटलं नाही.

शिक्षिकेबद्दल. मुलं तिला गोष्टताई म्हणतात. वयाने लहान आहे, आवाज मोठा नाही, आणि येताना दोन पिशव्या भरून बाटल्यांची झाकणं, मणी आणि रिकाम्या रिळांचा पसारा आणते. पहिल्या दिवशी तिने मुलांना हात धरून गोल करायला सांगितलं. गोल झाला, फिरला आणि फिरत फिरत दारातून बाहेर गेला. शेवटचं पोर आम्ही कारखान्याच्या फाटकापाशी पकडलं. मला वाटलं, ही उद्या येत नाही. आली. आता मुलं तासभर बसून झाकणं लहान-मोठी लावतात. मावशींना हे बघवत नाही. "एवढी शिकली-सवरली पोरगी, आणि झाकणं लावते?" असं त्या मला रोज ऐकवतात, ती ऐकेल इतक्या मोठ्याने. ती हसते.

गेल्या आठवड्यात ती तान्ह्यांच्या खोलीत आली आणि खुंट्यांकडे बघत राहिली. म्हणाली, "हे मळके कपडे इथे का टांगलेत?" मी तिला सांगितलं की प्रत्येक आई अंगावरचा, वापरलेला, न धुतलेला कपडा सकाळी बाळाबरोबर देते. कुणाची ओढणी, कुणाचा रात्रीचा झगा. बाळ झोपायला आलं की ते त्याच्या गालाखाली द्यायचं, म्हणजे त्याला आईचा वास येतो आणि ते झोपतं. एका खुंटीचा कपडा दुसऱ्या बाळाला चालत नाही. तिने विचारलं, "हे कुणी ठरवलं?" मी म्हटलं, "माझ्या सासूबाईंनी." "त्या कुठे असतात?" म्हटलं, "सध्या आंघोळीला गेल्या आहेत." तिला काही कळलं नाही.

बाईचा शोध चालू आहे. एक आली, तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "पण ती रडतात का?" दुसरी इतकं अत्तर लावून आली की खोलीभर शिंका सुरू झाल्या. तिसरी खरंच चांगली होती. बाळ उचलण्याची पद्धत बघूनच मला कळलं. तिला घरून परवानगी मिळाली नाही. असो, शोधलं की सापडतं.

बटणवाली रोज सकाळी गठुडीला माझ्याकडे देताना विचारते, "आजी कधी येणार?" मी सांगते, "कळवलं आहे." ते खरंच आहे. कळवलं आहे, बोलावलेलं नाही.

वन्सं म्हणत होत्या की तुम्ही त्यांच्याकडे घडी घातलेले कपडे पुन्हा उलगडून घडी घालता. करू नका. इथे मी ते सहन करत होते म्हणून सगळे करतील असं नाही.

कळावे,
कार्यवाह


८ जुलै

ती. आई,

हे पत्र बसून वाचा.

परवा शिक्षणसंस्थेच्या मोठ्या मॅडम आणि त्यांचे पाहुणे पाळणाघर बघायला येणार होते. आदल्या दिवशी मी मावशींना म्हटलं, "सगळं स्वच्छ दिसलं पाहिजे हं. अगदी सगळं." मावशी मनाला फार लावून घेतात हे तुम्हाला माहीत आहे. परवा सकाळी आया कामावर गेल्या, मी पाहुण्यांसाठी खुर्च्या मागायला कारखान्यात गेले, आणि तेवढ्यात मावशींनी तान्ह्यांच्या खोलीतल्या खुंट्या रिकाम्या केल्या. सगळ्या ओढण्या, सगळे झगे, सदरे. गरम पाणी, साबण, वर ती फुलांच्या वासाची निळी पूड. मी परत आले तर मागच्या अंगणात दोरीवर सगळं ओळीने फडकत होतं आणि मावशी पदकाची वाट बघत उभ्या होत्या.

बोलून काय होणार होतं? त्यांनी माझंच ऐकलं होतं.

पाहुणे आले. मोठ्यांच्या खोलीत झाकणं, गाणी, गोष्ट, सगळं उत्तम झालं. मग झोपेची वेळ झाली. एक बाळ कुरकुरलं, त्याला ओढणी दिली. त्याने नाक खुपसलं, थांबलं, आणि ओढणी फेकून देऊन जे भोकाड पसरलं ते ऐकून दुसरं उठलं. मग तिसरं. मी दोन काखांत दोन घेतली. गोष्टताई आली, तिने दोन घेतली. मॅडमनी हातातली पर्स पाहुण्याकडे दिली आणि एक घेतलं. पाहुण्यांपैकी एक गृहस्थ तोंडाने कुत्र्याचा आवाज काढू लागले, त्याने उरलेली होती तीही घाबरली. गठुडी रडून रडून जांभळी पडली होती. आई, मी इतकी वर्षं ही मुलं सांभाळते, पण त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली.

जेवणाची घंटा झाली. आपलं मागचं अंगण आणि कारखान्याचं जेवायचं अंगण यांच्यामध्ये फक्त ते कुंपण आहे. आयांना ऐकू गेलंच. पाळीच्या मध्ये फाटकाबाहेर यायची त्यांना बंदी. बटणवाली कुंपणापलीकडून ओरडली, "ताई, काय झालं?" मी ओरडले, "कपडे धुतले!" मग ती म्हणाली, "कुणी? का?" आणि उत्तराची वाट न बघता तिने डोक्याला बांधलेला रुमाल सोडला, त्याचा बोळा केला आणि कुंपणावरून फेकला. "हा घ्या, सकाळपासूनचा घाम आहे याला!" मग एकामागून एक रुमाल यायला लागले. प्रत्येक बाई बाळाचं नाव घेऊन फेकत होती, कारण कारखान्याचे रुमाल सगळे सारखेच. एक झाडात अडकला, तो गोष्टताईने खुर्चीवर चढून काढला. मॅडम खाली उभ्या राहून कुठला कुणाचा ते पाठ करत होत्या.

गठुडीने रुमाल गालाशी घेतला, दोन हुंदके दिले आणि झोपली. थोड्या वेळात खोली शांत झाली. गृहस्थ हळूच म्हणाले, "आता मी बोललो तर चालेल का?" मॅडम म्हणाल्या, "नको."

पुढचं ऐका. रुमाल हे नुसते रुमाल नाहीत. मोकळ्या केसांनी यंत्रावर बसू देत नाहीत. राखीव रुमाल कोठीत, किल्ली कोठीवाल्याकडे आणि कोठीवाला जेवायला घरी. त्यामुळे जेवणानंतर अख्खा काज-बटण विभाग उघड्या डोक्याने यंत्रांसमोर हात बांधून उभा राहिला. साहेब आले तेव्हा तो असाच उभा होता.

मावशी दोन दिवस आलेल्या नाहीत. मी घरी जाऊन आले. म्हणाल्या, "मी तुमच्या पोरांच्या आया धुवून टाकल्या." मी म्हटलं, उद्यापासून या. त्यांनी मान हलवली, पण येतील का ते माहीत नाही.

तुम्ही असतात तर हे झालं नसतं, असं तुमच्या मनात आलं असेल. माझ्याही आलं.

कळावे,
कार्यवाह


१५ जुलै

ती. आई,

मावशी आल्या. पहिले दोन दिवस साबणाला हात लावत नव्हत्या, आता लावतात.

काल बैठक झाली. साहेब, मॅडम, गोष्टताई, मी, आणि आयांच्या वतीने बटणवाली. साहेबांचं म्हणणं सरळ होतं: हे पाळणाघर आहे की जत्रा? काम बंद पडलं, तान्ह्यांची खोली आत्ताच बंद करा, मोठ्यांची राहू द्या. मला वाटलं होतं, मॅडम गप्प बसतील. त्यांची मुलं मोठ्यांच्या खोलीतली, त्यांना तान्ह्यांचं काय पडलंय? पण त्या म्हणाल्या, "साहेब, पोरं झोपली म्हणून बायका निदान यंत्रासमोर उभ्या होत्या. झोपली नसती तर घरी गेल्या असत्या. आणि तान्ह्यांची खोली नसेल तर आमची शिक्षिकाही नाही. तान्ही असतात, तीच मोठी होऊन पलीकडच्या खोलीत येतात ना?" तुम्ही या बाईंना "दप्तरवाल्या" म्हणाला होतात. मी नुसतं कळवते आहे.

मग बटणवाली बोलली. बसायला सांगितलं तरी उभी राहूनच. "साहेब, माझं लक्ष सुईवर राहतं ते पोरगी झोपली आहे हे माहीत असतं म्हणून. नाहीतर बटणाबरोबर बोटही शिवलं जाईल." साहेबांना बोट शिवलं जाण्याचा मुद्दा पटला. तान्ह्यांच्या आयांना दिवसातून दोनदा बाळाकडे येऊन जायची मोकळीक मिळाली. हे आपण दोघी कितीदा मागून दमलो होतो. आता धुतलेल्या ओढण्यांनी मिळवून दिलं.

पण बाईची अट तशीच आहे. साहेब निघताना म्हणाले, "त्या आजीबाई होत्या ना? त्यांना बोलवा की, विषय संपला." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "शोध चालू आहे."

घरी तुमच्या चिरंजीवांनीही तेच काढलं. म्हणाले, "आईला एक शब्द लिही ना, 'या' म्हणून. दुसऱ्या दिवशी हजर होईल." मी म्हटलं, "तेच तर." त्यांना कळलं नाही. मी भांडी घासायला घेतली.

तुम्हाला सांगते. बाळं अडली आहेत म्हणून बोलावलं तर तुम्ही याल, यात मला शंका नाही. पिशवी ठेवाल, हात धुवाल, गठुडीला घ्याल. माझ्याशी एक शब्दही न बोलता संध्याकाळपर्यंत काम कराल, आणि मी तुम्हाला कामापुरतं बोलावलं हे मरेपर्यंत लक्षात ठेवाल. मला तसं नको आहे. त्यापायी खोली गेली तर काय, हे मी स्वतःला रोज विचारते. बटणवालीच्या तोंडाकडे बघून जास्तच विचारते. उत्तर अजून सापडलेलं नाही. महिनाअखेर आली आणि कुणी मिळालं नाही, तर मी नाक मुठीत धरून तुम्हाला 'या' म्हणून लिहीन, हेही सांगून ठेवते. पोरांपुढे माझा हट्ट मोठा नाही. पण महिनाअखेर अजून आलेली नाही.

कळावे,
कार्यवाह


३० जुलै

ती. आई,

बाई मिळाली.

बटणवालीनेच आणली. तिच्या बाळंतपणात प्रसूतिगृहात जी आया होती, ती आता निवृत्त होऊन घरी बसली होती आणि सुनेच्या डोक्यावर बसली होती. दांडगी बाई आहे. हात परातीएवढे, आवाज घोगरा. आणि बाळांशी 'अहो' म्हणून बोलते. "अहो, जरा मान वळवा. अहो, पुरे आता, इतरांनाही दूध प्यायचं आहे." जन्मभर इतकी बाळं हातावर घेतली, पुढे कोण काय होईल सांगता येत नाही, म्हणून आधीपासूनच मान देऊन ठेवते म्हणाली. खुंट्यांचं सांगितलं तर म्हणाली, "मग? वासाशिवाय कोण झोपतं?" मावशींना तिने पहिल्याच दिवशी खिशात घातलं.

साहेबांनी तिला पाहिलं, दोन प्रश्न विचारले. तिने त्यांनाही 'अहो, बसा' म्हटलं. ते बसले. खोली राहिली. बटणवालीने मला मिठी मारली आणि मग लाजून पळाली.

आणखी एक कळवायचं आहे, ते लपवलं असतं तरी चाललं असतं. पहिले दोन दिवस गठुडी नव्या बाईकडे बघून रडली. आता माझ्या कडेवरून तिच्याकडे झेपावते. इतर बाळं तर त्याहून आधी रुळली. तुम्हाला वाईट वाटेल. मलाही वाटलं. तुम्ही एवढं केलंत आणि महिन्या-दोन महिन्यांत पोरं तुम्हाला विसरलीसुद्धा. तान्ह्यांचं तसंच असतं आणि तसंच असावं, हे तुम्हीच मला सांगितलं आहे.

तर इथे आता तुमच्यावाचून काही अडलेलं नाही. करार नीट चालू आहे, दोन्ही खोल्या भरलेल्या आहेत, मोठी मुलं वीसपर्यंत झाकणं मोजतात, तान्ही झोपतात. अध्यक्षांना कळवण्यासारखं एवढंच. कार्यवाहाचं पत्र इथे संपलं.

आता सुनेचं.

गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. माझं उलटं झालं आहे. गरज सरेपर्यंत मी थांबले होते. रोज संध्याकाळी घरी येताना दिवसभरात काय काय झालं ते मी मनात लावत येते, यातलं कुठलं तुम्हाला आधी सांगायचं ते ठरवत. दार उघडलं की आठवतं. मग ते सगळं तुमच्या मुलाला सांगते. ते हो म्हणतात. रुमाल कुंपणावरून आले ही गोष्ट मी त्यांना सांगितली, तर तेव्हाही हो म्हणाले. मला करमत नाही, आई. भांडायलासुद्धा कुणी नाही. माझं मत मी बदललेलं नाही, तुम्हीही बदलू नका. पण ते तिथे बसून राहण्याचं कारण होऊ शकत नाही.

घरी या. कामाला नको. नुसत्या या.

तुमची,
सून


५ ऑगस्ट

चि. सूनबाईस,

आशीर्वाद. पाचही पत्रं पोचली. तुझ्या वन्संनी वाचायला मागितली, मी दिली नाहीत.

ओढण्या धुतल्याचं वाचून त्या दिवशी मला घास गेला नाही. मग कुत्र्याचा आवाज काढणाऱ्या माणसाचं वाचलं आणि एकटीच हसत बसले. जावई घाबरले.

गठुडी गेली तिच्याकडे, चांगलं झालं. मला वाईट वाटलं नाही असं लिहिणार होते, पण तू खरं लिहिलंस तर मी कशाला खोटं लिहू? वाटलं. दुपारभर वाटलं.

करार मला आजही पटलेला नाही. तीन वर्षांच्या पोराला मोजायला लावण्याबद्दल मला बरंच बोलायचं आहे आणि इथे ऐकायला कुणी नाही. मुलगी फार गोड बोलते. लहानपणी अशी नव्हती. तिच्याशी भांडायला गेलं की ती चहा टाकते.

अध्यक्षपदाचा राजीनामा सोबत जोडत आहे. त्या दप्तरवाल्या बाईंना करा अध्यक्ष. काम येतं त्यांना.

शनिवारी सकाळच्या गाडीने निघते, संध्याकाळी पोचेन. सामान फार नाही. त्याला स्टेशनवर पाठवू नकोस. तू ये.

आई